ओंजळ कुणासाठी?

पद्मजा मगदूमने पार्सल उघडलं आणि आतली वस्तू हातात घेताच तिला पहिला प्रश्न पडला, हे विकत कोण घेणार?

सात इंचांचा टॅब होता. नाव ‘ओंजळ’. छोटा टॅब ही चीज बाजारातून उठून बरीच वर्षं झाली होती. आधी फोन मोठे होत गेले, मग घडीचे फोन आले. खिशातून काढायचा, उलगडायचा, की वहीएवढा पडदा समोर. असं असताना त्याच मापाची आणखी एक पाटी माणूस कशाला बाळगेल? पद्मजाने आपल्या ‘घ्यायचं की नाही’ या कार्यक्रमात हे पूर्वीच सांगून टाकलं होतं. मिरजेतल्या घराच्या वरच्या खोलीत बसून ती हा कार्यक्रम करायची. मिक्सर असो की विजेची स्कूटर, वस्तू महिनाभर वापरायची आणि शेवटी एका शब्दात निकाल द्यायची. घ्या, किंवा नको. ती कुणाच्या जाहिराती घेत नसे, त्यामुळे कंपन्या तिला जरा वचकून असत.

पुण्यातल्या या नव्या कंपनीने मात्र स्वतःहून टॅब पाठवला होता. किंमत इतकी कमी, की त्यात सुटे भागही येऊ नयेत. पद्मजाला स्वस्त वस्तूंचा नेहमीच संशय यायचा.

तिने टॅब एका बोटावर तोलून पाहिला. मध्यावर तो टिकेना. वरच्या बाजूला झुके. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. शेवटी तिने पाठीमागचे स्क्रू काढले. बॅटरी सगळीच्या सगळी वरच्या कडेला कोंबली होती आणि खालच्या अर्ध्या भागात जवळजवळ पोकळीच होती. म्हणजे टॅब खालून धरला, की वजन हातापासून लांब टोकाला. मनगटाला उगीच ताण. कुठलाही शहाणा इंजिनिअर अशी चूक करणार नाही. आणि चूक नसेल, तर मग हे मुद्दाम केलं होतं.

“अहो, तुमच्या हॉस्पिटलात हेच टॅब आलेत ना?” तिने संध्याकाळी नवऱ्याला विचारलं.

डॉ. अभिनंदन मगदूम ट्रस्टच्या नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूची ऑपरेशनं करायचा. गावात त्याच्या हाताचं नाव होतं. सोफ्यावर पाय वर घेऊन, उजव्या हातात स्वतःची ओंजळ धरून तो पेशंटचे रिपोर्ट वाचत होता.

“सगळ्या डॉक्टरांना दिलेत. अध्यक्ष आवटीसाहेबांनी एकदम ऑर्डर दिली,” तो म्हणाला. “मला तर आवडला बाबा. वाचताना डोळ्याला अजिबात त्रास होत नाही. अक्षरं कशी जागच्या जागी ठरलेली वाटतात.”

“जड नाही वाटत?”

“थोडा वाटतो. सवय होते.”

पद्मजा त्याच्या शेजारी बसली. सहज पडद्याकडे पाहताना तिच्या लक्षात आलं, की मजकुराच्या कडेचा पांढरा समास किंचित जाड होतोय, किंचित बारीक होतोय. अगदी केसभर, पण भराभर. तिला वाटलं, पडदा सदोष आहे. कार्यक्रमासाठी असा दोष सापडला तर हवाच होता. तिने कामाचा कॅमेरा आणला आणि धीम्या गतीचं चित्रण केलं. अभिनंदनला तिच्या या उद्योगांची सवय होती, त्याने मानही वर केली नाही.

चित्रणात स्पष्ट दिसलं. अक्षरं चौकटीच्या आत डावी-उजवीकडे सरकत होती. मग तिने त्याचा टॅब स्वतःच्या हातात धरून तसंच चित्रण केलं. समास जवळजवळ हललाच नाही. तिचा टॅब त्याच्या हातात दिला, तर त्यावर तो हलू लागला.

म्हणजे दोष टॅबमध्ये नव्हता. पण मग कशात होता, हा प्रश्न तिने त्या दिवशी पूर्ण होऊ दिला नाही.

कंपनीत टॅबचं काम पाहणारी बाई मेहजबीन तांबोळी मूळची तासगावची. कार्यक्रमासाठी भेटायचंय म्हटल्यावर तिने लगेच बोलावलं. पुण्याच्या ऑफिसातल्या कँटीनमध्ये, दुपारच्या गर्दीत, पद्मजाने तिच्यासमोर चित्रण लावलं.

“हा समास हलतोय. आणि बॅटरी एकाच टोकाला का आहे, तेही मला सांगा.”

मेहजबीनने चित्रण पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग चहाचा कप बाजूला सारून तिने हळूच विचारलं, “पद्मजाताई, हा हात कुणाचा आहे?”

पद्मजाने चित्रण थांबवलं. “का?”

“सांगू नका असं आम्हाला बजावलंय. पण तुम्ही बॅटरीपर्यंत पोचलात, म्हणजे बाकीचंही तुम्हाला कळणारच.” मेहजबीन खुर्ची पुढे ओढून बसली. “प्रत्येकाचा हात थरथरतो. तुमचा, माझा. साधारण सेकंदाला दहादा. इतकं बारीक, की दिसत नाही. पण मेंदूतले काही आजार सुरू झाले, की ही थरथर संथ होते, सेकंदाला चार-पाच वेळा. आणि हातात काही धरून तो स्थिर ठेवला, तर काही सेकंद शांत राहून मग ती डोकं वर काढते. माणसाला स्वतःला जाणवायच्या कित्येक वर्षं आधी.”

“हे फोनलाही कळेल की.”

“फोन हलका असतो आणि अंगठा सारखा फिरत असतो. मोठा टॅब माणूस मांडीवर ठेवतो. एका हातात, न हलवता, अर्धा अर्धा तास धरली जाते अशी एकच वस्तू आहे. सात इंचांचा टॅब. तोही टोकाला जड असेल, तर भरलेला तांब्या हात लांब करून धरल्यासारखं होतं. स्नायूंना लपायला जागाच उरत नाही. हे माप आम्ही वाचणाऱ्याच्या सोयीसाठी निवडलेलं नाही, ताई. ते मोजमापासाठी निवडलंय.”

“आणि अक्षरं सरकतात ती?”

“हात जिकडे हलेल त्याच्या उलट अक्षरं सरकवतो. म्हणून ती डोळ्याला स्थिर दिसतात.”

“म्हणजे ज्याचा हात थरथरतो, त्याच्यापासूनच तुम्ही ती थरथर लपवता.”

मेहजबीनने बाजूला सारलेला कप पुन्हा पुढे ओढला.

“त्याला सरळ सांगत का नाही?”

“सांगितलं, की हे रोगनिदानाचं यंत्र ठरतं. त्याच्या परवानग्या वेगळ्या, वर्षानुवर्षं चाचण्या. सध्या हा फक्त अक्षरं स्थिर ठेवणारा टॅब आहे.”

“मग कळवता कुणाला?”

“जो घाऊक विकत घेतो त्याला. हॉस्पिटलं, बसचे डेपो, क्रेनवाले. जिथं हाताला किंमत आहे ते सगळे. दुकानातल्या टॅबवर आमचं पोट नाहीच. लोकांनी ही ओळखीची, साधी वस्तू समजून हातात घ्यावी, म्हणून तो दुकानात ठेवलाय.” मेहजबीनने मान खाली घातली. “तुम्हाला राग येणार, माहीत आहे. पण माझ्या अब्बांचा आजार फार उशिरा कळला. तेव्हा हे असतं, तर त्यांची चांगली वर्षं वाढली असती. मी त्यासाठी यात आले.”

परतीच्या प्रवासात पद्मजाला राग आणता येईना. रागाच्या जागी काहीतरी वेगळंच येऊन बसलं होतं.

घरी आल्यापासून ती नवऱ्याचे हात पाहू लागली. तो वरणावर लिंबू पिळताना, शर्टाची बटणं लावताना, गाडीची किल्ली फिरवताना. सगळं नेहमीसारखं. मग तिला वाटे, यंत्रच खोटं असेल. मग वाटे, यालाही ठाऊक असेल आणि हा आपल्यापासून लपवत असेल. त्याने डाव्या हाताने पाण्याचा ग्लास उचलला, तरी तिला शंका यायची. तो मात्र मजेत होता. रुग्णालयाचं मोठं शिबिर चालू होतं, आसपासच्या गावांतून पेशंट येत होते.

गुरुवारी पद्मजाच्या आईचं ऑपरेशन ठरलं होतं. आई जयसिंगपूरला राहायची, आणि जावयाशिवाय दुसऱ्या कुणाकडून डोळ्याला हात लावून घ्यायला तयार नव्हती.

मंगळवारी पद्मजाने रुग्णालयात फोन केला. “आईला सर्दी झालीय. खोकतेय. तिची तारीख पुढे ढकलता येईल?”

“येईल की मॅडम. बरंच झालं,” तिकडची मुलगी म्हणाली. “मालगावच्या शेवंता माळी म्हणून एक बाई कधीच्या थांबल्यात. त्यांना घेते गुरुवारी.”

पद्मजाने फोन ठेवला. तिला अजून वेळ होता. पुन्हा फोन लावून सांगता आलं असतं. रात्री जेवताना नवऱ्याला सांगता आलं असतं. बुधवारीही सांगता आलं असतं. पण सांगायचं तरी काय? एका टॅबचा समास हलतो म्हणून तुमचे हात थांबवा? तिने दोन दिवस स्वतःला असंच समजावलं. गुरुवारी अभिनंदन घरी आला, जेवला, निवांत झोपला. शुक्रवारीही तसाच.

शनिवारी दुपारी तो रुग्णालयातून लवकर आला आणि चपला न काढताच उंबऱ्यात उभा राहिला.

“आईंची चौकशी करायला फोन केला होता मी. त्यांना सर्दी नव्हती.”

पद्मजा भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

“तारीख तू बदललीस. का?”

मग तिने सगळं सांगितलं. चित्रण दाखवलं. मेहजबीन काय म्हणाली तेही सांगितलं. तो खुर्चीत बसून ऐकत राहिला आणि शेवटी हसला. ते हसू तिला आवडलं नाही.

“थरथर कशानेही होते. चहानं होते, जागरणानं होते. थायरॉईड असेल, दम्याचं औषध असेल. एक कंपनी लोकांना घाबरवते आणि तू पुण्याला जाऊन घाबरून येतेस. अगं, मी रोज माझा हात सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. तुझ्या कॅमेऱ्यात दिसतो त्याच्या कितीतरी पट मोठा. मला दिसलं नसतं?”

“तेच तर मला कळत नाही.”

“आणि तुला इतकी खात्री होती, तर मला सांगायचं.”

“खात्री नव्हती.”

“आईला थांबवण्याइतकी होती.” तो उठला. “शेवंताबाई कुणाची आई नव्हती का, पद्मा?”

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. संध्याकाळी मात्र तो ओंजळ हातात घेऊन बसला नाही, हे तिने पाहिलं. टॅब टेबलावर पालथा पडून होता.

रविवारी सकाळी तोच म्हणाला, “चल. तुला दाखवतो.”

सुट्टीमुळे ऑपरेशन थिएटर रिकामं होतं. शिकाऊ डॉक्टरांच्या सरावासाठी असतो तसा एक कृत्रिम डोळा त्याने टेबलावर बसवला. सूक्ष्मदर्शकाला शेजारी बसणाऱ्यासाठी दुसरी नळी होती, तिथं पद्मजाला बसवलं. मनगट टेकवून त्याने अवजार आत घातलं. नळीतून पाहताना पद्मजाला फक्त उजेडाचं एक मोठं वर्तुळ दिसत होतं आणि त्यात ते चकाकणारं टोक. त्याने एक गोल छेद घेतला. रेषा इतकी सुबक, की तिचा श्वास मोकळा झाला.

“दिसलं?” त्याचा आवाज आला. “आता बोल.”

ती बोलणार नव्हती. पण मेहजबीनचे शब्द डोक्यातून जाईनात.

“एकदा नुसतं धरा,” ती म्हणाली. “काही करू नका. टोक आहे तिथंच ठेवा.”

“ऑपरेशनमध्ये असं कुणी धरून बसत नाही. हात चालूच असतो.”

“माहीत आहे. तरी धरा.”

त्याने धरलं. टोक स्थिर राहिलं. अगदी स्थिर. पद्मजाला वाटलं, आता उठून त्याची माफी मागावी. तेवढ्यात ते टोक हललं. मग पुन्हा. मग एका लयीत, सावकाश, ते उजेडाच्या वर्तुळात इकडून तिकडे झुलू लागलं. सूक्ष्मदर्शकातून पाहताना शेजारच्याचा चेहरा दिसत नाही. दोघंही मान खाली घालून तेच पाहत राहिले.

अभिनंदनने अवजार ट्रेमध्ये ठेवलं. ठेवताना आवाज झाला नाही, इतकं अलगद.

“दिवा बंद कर,” तो म्हणाला.

पुण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी नंतर तपासण्या करून तेच सांगितलं. पार्किन्सन्स. नुकतीच सुरुवात. इतक्या लवकर सहसा कुणी येत नाही, असंही ते म्हणाले. औषधं, व्यायाम, कामात बदल, पुष्कळ काही करता येईल. “कसं लक्षात आलं तुमच्या?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं.

या तपासण्यांच्याही आधी, लगेचच्या सोमवारी, अभिनंदन रुग्णालयाच्या अध्यक्षांना भेटायला गेला. पद्मजा हट्टाने सोबत गेली. जिनेंद्र आवटी उठून उभे राहिले, त्यांनी अभिनंदनच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुम्ही आपणहून आलात, फार बरं केलंत डॉक्टर. मला कसं बोलावं तेच सुचत नव्हतं. तुम्ही आता विश्रांती घ्या. बाकीचं आम्ही बघू.”

“साहेब,” अभिनंदन म्हणाला, “मी तर अजून काहीच बोललो नाही.”

आवटींचा हात खांद्यावरून खाली आला.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?” पद्मजाने विचारलं.

“माहीत असं नाही म्हणता येणार, वहिनी. टॅबवरून इशारा यायचा. टॅब वाटले त्यानंतर लगेचच यायला लागला. पण यंत्र म्हणजे काही डॉक्टर नव्हे. नुसत्या इशाऱ्यावर एवढ्या मोठ्या सर्जनला थांबवायचं? तुम्हीच म्हणाला असतात, अपमान केला.”

“मला सांगता आलं असतं,” अभिनंदन म्हणाला.

“शिबिर जाहीर झालं होतं. गावोगावी गाड्या पाठवल्या होत्या.” आवटींनी खिडकीबाहेर पाहिलं. “ते उरकल्यावर बोलणार होतो.”

“म्हणजे माझा हात बिघडलाय अशी शंका सगळ्यांना होती,” अभिनंदन म्हणाला. “टॅबला होती, कंपनीला होती, तुम्हाला होती. घरातही होती. फक्त ज्याचा हात होता, त्याला सोडून.”

‘घरातही’ म्हणताना त्याने पद्मजाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून त्याने ऑपरेशन सोडलं. टॅब हाती आल्यापासून ज्यांची ऑपरेशनं केली त्या प्रत्येकाला पुन्हा तपासणीला बोलवायचं, असं त्याने ठरवलं, आणि फोनही स्वतःच करू लागला. आवटींनी हरकत घेतली, रुग्णालयाची बदनामी होईल म्हणाले. त्यांनी विरोध केल्यावर अभिनंदनने आवाज न चढवता, वरच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार करीन, एवढंच सांगितलं. मग तपासणीसाठी त्याला एक खोली मिळाली.

पद्मजाने कार्यक्रम केला. बॅटरी दाखवली, सरकता समास दाखवला, हात कुणाचा तेही नवऱ्याच्या परवानगीने सांगितलं. निकाल देताना मात्र ती पहिल्यांदाच अडखळली. “ही वस्तू बनवू नये असं मला म्हणता येत नाही,” ती म्हणाली. “हिच्यामुळे आमच्या घरात एक आजार वेळेवर कळला. पण ज्याचा हात, त्याला पहिल्यांदा कळलं पाहिजे. तसं होईपर्यंत विकत घेऊ नका. आणि कामाच्या ठिकाणी कुणी फुकट हातात दिली, तर का दिली ते आधी विचारा.”

मेहजबीनचा फोन आला. ती चिडलेली नव्हती. रुग्णालयांच्या ऑर्डरी थांबल्यात, असं तिने सांगितलं. आता तरी टॅब वापरणाऱ्याला स्वतःच्या हाताबद्दल कळवा, असा आग्रह ती ऑफिसात धरतेय. वरचे ऐकतील की तिलाच काढतील, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

तपासणीला एकेक पेशंट येऊन जात होता. डोळे चांगले होते. शेवंता माळीही आली. पानमळ्यात पानं खुडून त्यांच्या गड्ड्या बांधणारी उंच, काटक बाई. अभिनंदनच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरांनी तिचा डोळा तपासला. उत्तम होता. ती उठून निघाली, तसा अभिनंदन म्हणाला, “बसा, शेवंताबाई. तुम्हाला का बोलावलं ते सांगायचंय.”

त्याने साध्या शब्दांत सांगितलं. माझा हात थरथरतो. तुमच्या ऑपरेशनच्या वेळीही ते सुरू झालेलं असणार. मला माहीत नव्हतं.

शेवंताने काळा चष्मा काढला. “तुमाला न्हवतं म्हाईत. मग कुणाला हुतं?”

खोलीच्या कोपऱ्यात पद्मजा उभी होती. कुणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं.

“मला शंका होती,” ती म्हणाली. “त्या गुरुवारी माझ्या आईचा नंबर होता. मी तिला थांबवलं. तो नंबर तुम्हाला मिळाला.”

शेवंता तिच्याकडे पाहत राहिली. शिव्या देईल, रडेल, काहीही करेल, पद्मजाची तयारी होती. पण बाईने चष्मा पदराला पुसला आणि विचारलं, “तुमच्या आईचा डोळा झाला का मग?”

“नाही अजून.”

“माझा दुसरा ऱ्हायलाय. हितंच करणार हाय, आमाला दुसरीकडं परवडत न्हाई. पण आदी तुमच्या आईचा. त्याच दिवशी, त्याच डॉक्टरकडनं. मी भायेर बसते. ती भायेर आली, की मग मी आत जाते.”

“शेवंताबाई, नवे डॉक्टर फार चांगले आहेत,” अभिनंदन म्हणाला.

“असतील की. तुमीबी चांगलंच हाय,” ती म्हणाली आणि उठली.

आईला समजावायला पद्मजाला फार वेळ लागला. जावयाशिवाय नको, हेच तिचं टुमणं. शेवटी पद्मजाने तिला सगळं खरं सांगितलं. शेवंताचंही. मग आईने तारीख घ्यायला सांगितली.

त्या सकाळी शेवंता सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसली होती. पद्मजाने चहा आणला, तिने घेतला नाही. आईला आत नेलं. अभिनंदन दाराशी उभा होता, दोन्ही हात पाठीमागे. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. तिघंही त्या बंद दाराकडे पाहत होते.

दार उघडलं. डोळ्यावर पट्टी, एका हाताने नर्सचा दंड धरून आई बाहेर आली. शेवंता उठली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“दुखलं का वो?”

“नाही,” आई म्हणाली. “जा तू.”

शेवंताने डोक्यावरचा पदर नीट केला आणि आत गेली.